मुकी मिटिंग

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. लग्नाआधी आई म्हणायची, "हिले सासरचे आठ दिवसात वापस आणून सोडतीन." तसं काही झालं नाही. सासरी माझ्या वाट्याला माणसं कमी आली आणि यंत्रं जास्त, आणि यंत्रांना माझ्या तोंडाचं काही वाटत नव्हतं. आमचे हे गडचिरोलीत लग्नांची शूटिंग करायचे आणि मी मिक्सिंग. दोन कॅमेऱ्यांची चित्रं एका पेटीत येतात, त्यातलं कोणतं कधी दाखवायचं ते बटणं दाबून ठरवायचं, त्या पेटीला मिक्सर म्हणतात. बाई मिक्सर चालवते म्हटलं की काही लोकांना चटणीच आठवायची. असं कोणी हसत म्हटलं, की त्याच्या घरच्या कॅसेटमध्ये तो सोडून बाकी सगळे दिसायचे.

त्या मिक्सरवर उजव्या हाताला आवाजाचं बटण होतं, वरखाली सरकवायचं. ते आम्ही कायमचं खाली ओढून त्यावर मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी लावली होती. त्याला कारण घडलं होतं. चिमूरकडच्या एका लग्नात नवरदेवाची आत्या कॅमेऱ्याच्या पुढ्यातच शेजारणीला म्हणाली, "पोट्टी चांगली आहे, पण रंगानं मार खाल्ला." बँड, जनरेटर, लेकरांची रड, एवढ्या गोंधळात हेच वाक्य तेवढं स्वच्छ उमटलं. पुढं सासरचे सगळे मिळून कॅसेट पाहायला बसले, नवी सून चहा घेऊन आली आणि नेमक्या तेव्हाच आत्याबाई टीव्हीतून बोलल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आणि काका आमच्या दारात! आत्याला कोणी काही म्हटलं नाही, शिव्या आम्ही खाल्ल्या. त्या दिवसापासून मांडवातला आवाज बंद. घरी येऊन वरून सनई आणि सिनेमाची गाणी टाकायची, कोणाची तक्रार नाही. आमच्या भागातले बहुतेक शूटिंगवाले तेच करायचे.

दोन हजार पाच-सहा साल असेल. मुंबईचे एक मोठे साहेब जिल्ह्यात येऊन गावोगावच्या तलावांचा निकाल लावणार होते. पण वैनगंगेला पूर आला, रस्ते बंद झाले, आणि साहेबांचं येणं राहिलं. मग ठरलं की जिल्ह्याच्या ऑफिसात जी व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सची, खोली आहे, तिथं लोकांनी बसायचं, साहेबांनी मुंबईत बसायचं, आणि टीव्हीवर एकमेकांना पाहून बोलायचं. छतावर डिशची छत्री, आत मोठा टीव्ही, त्यावर छोटा कॅमेरा. आज हे कोणालाही सांगितलं तर तो म्हणेल, त्यात काय एवढं! तेव्हा त्या खोलीत जाताना लोक दाराबाहेर चपला काढत होते.

ऑफिसातले अधिकारी आम्हाला म्हणाले, "याची प्रोफेशनल शूटिंग पाहिजे. आणि केबलवर लाइव्ह गेलं पाहिजे." आम्ही हो म्हटलं. लग्नाचे दिवस नव्हते, आणि मला त्या खोलीत जाऊन पाहायचं होतं. एक कॅमेरा टीव्हीवर लावला, मुंबईच्या साहेबांसाठी; दुसरा खोलीतल्या लोकांवर. टीव्हीचं चित्र कॅमेऱ्यात घेतलं की त्यावर काळे पट्टे फिरतात, ते आमच्या ह्यांनी शटर बदलून घालवले. बोलणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या मी आदल्या दिवशीच बनवून ठेवल्या होत्या. हॅलोजनमुळे सगळ्यांची कपाळं चमकत होती म्हणून पावडरचा डबाही नेला होता. अधिकाऱ्यांनी मुकाट्यानं पावडर लावून घेतली.

मासळीवाल्या मावशीने नाही लावली. "मी काय नाटकात काम करून राह्यली?" ती म्हणाली.

ही मावशी म्हणजे जवळच्या एका गावातल्या तलावावरच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. वय पन्नासच्या पुढं, आवाज खणखणीत. आठवडी बाजारात तिच्याकडूनच मी मरळ घ्यायची आणि तिच्याशीच भांडायची, कारण माझ्या तोंडाला तोंड देणारी बाजारात तीच एक होती. त्यांचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. गावातल्या ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, घरं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगत आलेली. आता एका ठेकेदाराने तो मागितला होता, आणि निकाल लागेपर्यंत कोणीच जाळं टाकायचं नाही असा हुकूम निघाला होता. गावातले काही जण ठेकेदाराशी बसून मिटवू म्हणत होते. मावशीने सगळ्यांना अडवलं होतं. "मी साहेबासंगं बोलतो, मंग पायजा," असं सांगून ती आली होती.

केबलवाल्याने खिडकीतून वायर ओढून आणली. त्याने आवाजासाठी स्वतःचा वेगळा माइक टीव्हीच्या स्पीकरपुढं ठेवला आणि दुसरा टेबलावर. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि तो बरोबर होता हे मला चार दिवसांनी कळणार होतं.

सुरुवातीला माझ्या हातून एक गंमत झाली. लग्नात नवरा-नवरी पहिल्यांदा दाखवताना बदामाच्या आकारातून चित्र उघडायचं, ही बोटांना लागलेली सवय. मुंबईचे साहेब टीव्हीवर आले आणि मी बटण दाबलं. साऱ्या गडचिरोलीच्या टीव्हीवर साहेब बदामातून उमलले! केबलवाला तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मी घामाघूम झाले, पण खोलीत कोणाला कळलं नाही, कारण खोलीतल्यांना साहेब सरळ मोठ्या टीव्हीवर दिसत होते. त्यानंतर मी अशी सावध बसले की एक चूक केली नाही. म्हणजे मला तसं वाटलं.

मावशीची पाळी आली. ती उभी राहिली, हात जोडले, "रामराम साहेब" म्हणाली, आणि मग जी बोलली ती बोललीच. तलावाची पाळ कोणी बांधली, माशांची बोटुकली कोणी सोडली, उन्हाळ्यात गाळ कोणी काढला. चित्र अडकून साहेब मधेच गोठायचे, तोंड उघडं राहायचं, मग एकदम हलायचे. पण ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "हा तलाव सोसायटीकडेच राहील. ठेकेदाराचं जाळं त्यात पडणार नाही." तेवढ्यात शिपाई चहा घेऊन येत होता, त्याच्या हातून अख्खा ट्रे पडला. कपबशा फुटल्या, सगळे दचकले, आणि मग टाळ्या. मीही टाळी वाजवली, एका हाताने मिक्सरवर, एका हाताने मांडीवर. मावशी माझ्याकडे पाहून हसली.

चार दिवसांनी सीडी बनवायला बसले. कॅसेट लावली. चित्र असं सुंदर की मीच खूष. नावाची पट्टी जागेवर, कटिंग जागेवर, मावशीच्या चेहऱ्यावरचा उजेड जागेवर. आवाज नाही. वायर हलवली, नाही. हेडफोन बदलला, नाही. मग माझी नजर मिक्सरवर गेली आणि ती पांढरी चिकटपट्टी दिसली.

आमच्या ह्यांना हाक मारली, ते आले, त्यांनी पाहिलं, डोक्याला हात लावला. "कॅमेऱ्यात कॅसेट होती का?" मी विचारलं. नव्हती. दोन कॅमेऱ्यांत दोन कॅसेटी कशाला, म्हणून आम्ही फक्त मिक्सरमधून एकच भरायचो, तीसुद्धा सवयच. केबलवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "आपल्याकडं भरून ठेवत नाई बाई, आलं की पुढं सोडायचं." त्याचा आवाज गावभर गेला होता आणि हवेत विरला होता. घरी आल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, "बासरी टाकून देऊ काय?" मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

अधिकाऱ्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे दिवस काढले. कोणी सीडी मागितली नाही, तेव्हा मनाशी म्हटलं, बरं झालं, विसरले असतील. आणि बाजाराच्या दिवशी मावशी माझ्या दारात उभी राहिली. टोपलं डोक्यावर नव्हतं. त्यांचं जाळं बंद असून महिना होत आला होता.

"बाई, कागद आला," ती म्हणाली. "त्यात फक्त लिवलं आहे का चर्चा झाली. साहेब काय बोलले ते लिवलंच नाई. मी ऑफिसात गेली, ते म्हणते आमच्या तोंडी सांगण्यानं होत नाई, मंग त्यायनं मुंबईले फोन लावला. साहेब म्हणते, एका दिवशी कितीक गावं आयकली, मले ध्यानात नाई, रेकॉर्डिंग असन तर दाखवा. पुढच्या सोमवारी परत टीव्हीवर बोलवलं आहे. तुमी ते सीडी द्या, झालं."

तिला इतकी खात्री होती की ती हसत होती. मी तिला खुर्ची दिली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, चिकटपट्टीपासून. तिला आधी समजलंच नाही. "पण मी बोलत असताना तुमी तर समोर बसल्या होत्या," ती म्हणाली. मग तिला चित्र लावून दाखवलं. टीव्हीवर ती हातवारे करून बोलत होती आणि खोलीत शांतता होती. ती आपलंच तोंड हलताना पाहत राहिली.

"बाई, तुमी तर आमची वाचाच काढून घेतली," ती म्हणाली. "गावाले मी थांबवलं. मिटवलं तर ठेकेदार चार दिवस तरी जाळं टाकू देतो म्हणत होता, त्याले मी नाई म्हटलं. आता मी गावात कोणत्या तोंडानं जाऊ? लग्नाचे शूटिंगवाले तुमी, काऊन आले तिथी?"

मला कोणी उलट बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या दिवशी गेली नाही. ती उठून गेली तरी मी तशीच बसून राहिले. चूक माझी होती, आणि जाळं त्यांचं सुकत होतं. रडायला येत होतं पण रडून काय होणार होतं! दुपारी आमच्या ह्यांना म्हटलं, गाडी काढा, मला तिच्या गावाला सोडा. माफी मागायची, आणि सोमवारी मीच साहेबांपुढं उभं राहून चूक सांगायची, एवढंच ठरवलं होतं. त्याने तलाव वाचणार नव्हता, हेही माहीत होतं.

गाव पाच-सात किलोमीटरवर. मावशीच्या घरापुढं उतरले, कुंपणाचं फाटक ढकललं, आणि अंगणातून आवाज आला, "...ठेकेदाराचं जाळं त्यात पडणार नाही."

मुंबईचे साहेब! मी जागच्या जागी उभी राहिले. मावशीचा नवरा खाटेवर बसला होता, एक पाय लांब केलेला, मांडीवर टेपरेकॉर्डर. पायाला जखम होती म्हणून त्याला मिटिंगला येता आलं नव्हतं, हे मावशी मागे बोलली होती. आता आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड किती हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. स्टेजच्या पायथ्याशी टेपरेकॉर्डर ठेवून अख्खं नाटक भरून आणणारी माणसं गावोगाव आहेत, आणि मग वर्षभर तेच ऐकत जाळी विणायची. हा त्यातलाच. बायको टीव्हीवर बोलणार म्हटल्यावर त्याने शेजाऱ्याच्या केबल असलेल्या टीव्हीपुढं टेप ठेवला आणि नाटक भरतो तशी मिटिंग भरली.

"भाऊ, हे काय वाजवून राह्यले तुमी!" मी ओरडलेच.

मावशी आतून आली. मला पाहून तिचं तोंड फिरलं. "काई नाई, यायचं नाटकाचं येड आहे. सकाळपासून तेच लावून बसले. साहेबाले तर सीडी पायजे ना."

तिला वाटत होतं, आवाज चित्रातच राहतो, वेगळा आणून जोडता येत नाही. तिला कसं माहीत असणार? आम्ही गाणी कशी टाकतो हे कोण कोणाला सांगतं! मी खाटेपुढं खालीच बसले, त्या टेपरेकॉर्डरला हात लावून पाहिला, आणि मग अशी रडले की मावशीलाच मला पाणी द्यावं लागलं. भाऊ घाबरून म्हणाले, "घेऊन जा ना बाई कॅसेट, रडता काऊन?"

कॅसेट आणली, पण काम सोपं नव्हतं. भरताना टेपचे सेल उतरलेले, त्यामुळे आमच्या मशीनवर सगळे जण चिरक्या आवाजात, भरभर बोलत होते. मी दोन खुणा धरल्या. पहिली मावशीचं "रामराम साहेब", कारण तिथं हात आणि ओठ दोन्ही दिसत होते. दुसरी शिपायाचा ट्रे. या दोन टोकांच्या मधला आवाज कॉम्प्युटरवर थोडा थोडा ताणत आणला. एकदा मावशी पुढं पळाली, एकदा मागं राहिली. लोडशेडिंगने दोनदा केलेलं पुसलं गेलं, आणि दोनदा मी वीजवाल्यांचा उद्धार करून परत बसले. तिसऱ्या सकाळी ट्रे पडला आणि त्याच क्षणी कपबशा फुटल्या. जमलं! मी इतक्या जोरात ओरडले की आमचे हे दाढी करता करता धावत आले.

एक गोष्ट मात्र पुसता येत नव्हती. शेजाऱ्याच्या घरातले सगळे आवाज त्यात होते. कुकरची शिट्टी, कोंबडी, कोणाचं तरी लेकरू, आणि मावशी रंगात येऊन बोलत असताना मधेच भाऊंची आरोळी, "वा रे माही वाघीण!" पुसायला गेलं तर खालचं बोलणंही जात होतं. मी ठेवलं तसंच. पुष्कळ आवाज पुसून झाले होते माझे.

सोमवारी व्हीसीच्या खोलीत अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं, की चित्र माझं आहे आणि आवाज यांच्या घरच्या टेपचा. त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे वरून टाकलेला? मग हे कोण मानेल? लग्नात गाणं टाकता तसंच झालं हे." मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासोबत आलेले चार जण माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरा मला सहन होत नव्हत्या.

मुंबईचे साहेब टीव्हीवर आले. अधिकारी बोलायच्या आत मी हात जोडून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. आवाजाचं बटण बंद राहिलं. या मावशीच्या नवऱ्याने टीव्हीपुढं टेप ठेवून भरलं होतं, ते मी जोडलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. तुम्ही एकदा ऐका, मग काय बोलायचं ते मला बोला." मुंबईच्या माणसाशी वाकडं बोलायची मला सवय नव्हती, सरळ बोलायचीही नव्हती.

साहेब म्हणाले, "लावा."

सीडी लावली. मावशीने रामराम केला, कुकरची शिट्टी झाली, ती बोलायला लागली. साहेब पुढं झुकून ऐकत होते. "वा रे माही वाघीण!" आल्यावर त्यांनी हात वर केला. "थांबवा. हे कोण ओरडलं?"

मावशीने पदर सावरला आणि खाली पाहत म्हणाली, "आमचा बुडा आहे साहेब. शेजाऱ्याघरी टीव्ही पाहून राह्यला होता."

साहेब हसले. खरंच हसले, मान मागं टाकून. "चालू द्या," म्हणाले. मग त्यांचंच वाक्य आलं, आणि त्यामागोमाग कपबशा फुटल्या. साहेबांनी चष्मा काढला. "अरे, हा आवाज! मी इथं खुर्चीतून उठलो होतो त्या दिवशी, मला वाटलं तिकडं काही स्फोट झाला. आठवलं मला. त्याच्या आधी मी हेच बोललो होतो. ही बाई सांगते ते बरोबर आहे." आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "आत्ता लिहा. माझ्यासमोर वाचून दाखवा."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, उभं राहून वाचलं. तलाव सोसायटीकडे. जाळं टाकायची बंदी आजपासून उठली. या वेळी कानाला हेडफोन लावून मी एकेक शब्द ऐकत होते, आणि मला बाई इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू! पंधरा दिवस छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मावशीने सोबतच्या एकाचा मोबाइल मागितला. तिला नंबर लावता येईना, तेव्हा तो मी लावून दिला. पलीकडे शेजाऱ्याने उचलून भाऊंना बोलावलं. माझ्याशी ती अजून एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर हसेल. तिने दोन्ही हातांनी मोबाइल कानाला धरला आणि घरी सांगतात तशा साध्या आवाजात म्हणाली, "आयकून राह्यले का? जाळं काढा. सगळ्यायले सांगा, आजच उतरायचं तलावात. अन् पहिली मरळ विकू नका, शूटिंगवाल्या बाईच्या घरी द्यायची आहे."